एकच बिल्ला

प्रमिला साळवी रागावली की तिचा आवाज चढत नसे, खाली उतरे. चिपळूणला आई म्हणायची, "ही हळू बोलायला लागली की आम्ही काचेची भांडी आवरून घेतो." पण सिल्वासाच्या शाळेत हे कोणाला ठाऊक असणार? मुख्याध्यापक दत्तात्रय मुळे तिच्या हळू बोलण्याला नम्रता समजत होते, आणि त्या समजुतीवर दोन वर्षं निर्धास्त होते.

शाळेला प्रशासनाकडून तीन संगणक मिळाले होते. ते आले त्या दिवशी मुळे सर टेम्पोपासून खोलीपर्यंत स्वतः पुढे चालले होते. खोलीत एसी बसला, निळे पडदे लागले, दारावर 'पादत्राणे बाहेर काढावीत' अशी पाटी आली. दसऱ्याला तिघांनाही कुंकवाचं बोट लागलं, झेंडूची माळ पडली, नारळ फुटला. त्यानंतर दोन संगणकांवर फुलाफुलांच्या कापडाची आच्छादनं चढली, ती उतरलीच नाहीत. चालू असायचा तो एकच. अकरावीची सगळी मुलं अनवाणी पायांनी त्याच्या मागे उभी राहायची आणि टाचा उंच करून पुढच्याच्या खांद्यावरून बघायची. खुर्चीत बसायचा निलेश. तो मामलतदार कचेरीतल्या हेडक्लार्कचा मुलगा, आणि त्याची बोटं स्वच्छ असतात असं सरांचं निरीक्षण होतं.

"बाकीचे दोन उघडू या ना, सर," प्रमिलाने रुजू झाल्यावर लगेच विचारलं होतं.

"अहो, यंत्रं आहेत ती. वापरली की झिजतात."

"आणि नाही वापरली तर?"

"नवी राहतात," मुळे सर म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

पुस्तकात लिहिलं होतं की संगणक दिलेल्या आज्ञा एकामागून एक पाळतो. प्रमिलाने तसंच शिकवलं. पहिली आज्ञा, मग दुसरी, मग तिसरी. मुलांनी वह्यांत उतरवून घेतलं. तेव्हा मागच्या बाकावरून चंदा उठली. चंदाचं कुटुंब शिरपूरकडचं, खडोलीच्या कामगार चाळीत राहणारं. तिची आई सूत गुंडाळायच्या कारखान्यात कामाला होती. मुलगी हुशार होती, पण विचारायच्या आधी दोनदा उठायची आणि दोनदा बसायची.

"बाई, एकच सगळं करतो, एकामागून एक, तर बाकीचे दोन कशाला आणले?"

वर्ग हसला. कोणीतरी म्हणालं, "पूजेला!" त्यावर आणखी हसला.

प्रमिला मात्र हसली नाही. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर तिने मुंबईत संगणकाचा पदविका अभ्यासक्रम केला होता. अनेक यंत्रांनी मिळून एक काम कसं करायचं, हा धडा तिथे अगदी शेवटी होता, आणि तोही घाईघाईत उरकलेला. तोवर डोक्यात एकामागून एकची सवय इतकी पक्की बसली होती की तो धडा तिला फार जड गेला. आधी जगात हात एकच असतो असं शिकवायचं, आणि माणूस त्यात मुरला की सांगायचं, नाही हो, हात पुष्कळ असतात. हा कुठला न्याय? आणि इथली ही मुलं तर अशा गावात वाढत होती जिथे एका छताखाली सुताच्या शेकडो चात्या एकदम फिरतात. त्यांना एकदम म्हणजे काय हे सांगायची गरज नव्हती. ते विसरायला लावायचं काम मात्र शाळा इमानाने करत होती.

ती सरांकडे गेली.

"अभ्यासक्रमात आहे का हे?" मुळे सरांनी विचारलं.

"नाही."

"परीक्षेत येणार?"

"नाही, सर. पण पुढे या मुलांना हेच करावं लागणार आहे."

"पुढचं पुढे. पोर आधी रांगतं, साळवीबाई. मग उभं राहतं."

"रांगतानाही दोन हात आणि दोन पाय हलतातच ना, सर?"

मुळे सर मनापासून हसले. "तुम्ही विनोदी आहात हो," ते म्हणाले आणि संगणकाच्या खोलीची किल्ली ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

म्हणून मग प्रमिलाने यंत्राशिवाय सुरुवात केली.

शाळेकडे त्या वर्षी प्रशासनाचं एक काम आलं होतं. सिल्वासा, सायली आणि खडोली इथल्या कामगार चाळींमध्ये शाळेच्या वयाची पण शाळेत न जाणारी मुलं किती आहेत ते शोधायचं. अकरावीच्या मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत घरोघर जाऊन प्रत्येक खोलीची एक चिठ्ठी लिहून आणली होती. चिठ्ठ्यांचे तीन खोके प्रमिलाच्या टेबलाखाली पडून होते. त्यांतल्या मूठ मूठ चिठ्ठ्या तिने वर्गात वाटल्या आणि वर्गाचे तीन गट केले.

"प्रत्येक गट म्हणजे एक संगणक. आपापल्या चिठ्ठ्यांची बेरीज करा. फळ्यावरचा आकडा ही सगळ्यांची मिळून बेरीज. प्रत्येक गटाने एकाला पाठवायचं. त्याने फळ्यावरचा आकडा बघायचा, जागेवर येऊन त्यात आपला मिळवायचा, आणि परत जाऊन जुना पुसून नवा लिहायचा. चला."

तिसऱ्या गटाने आधीच फळ्यावर दहा लिहिले होते. निलेशच्या गटाकडे पाच होते, चंदाच्या गटाकडे सात. दोघं एकदमच फळ्याशी गेली, दोघांनी दहा पाहिले, दोघं परत आली. चंदाने जाऊन सतरा लिहिले. तिच्या मागोमाग निलेश आला, सतरा पुसले आणि पंधरा लिहून ऐटीत जागेवर गेला.

"ए, माझं का पुसलं?"

"जुना पुसून नवा लिहा असंच बाई म्हणाल्या."

"अरे पण माझे सात कुठे गेले?"

"मला काय विचारतेस? माझं गणित बरोबर आहे. दहा आणि पाच पंधरा."

"माझंपण बरोबर आहे!"

सगळा वर्ग भांडायला लागला. प्रमिला टेबलाला टेकून ऐकत राहिली. दोघांचंही गणित बरोबर, आणि उत्तर चूक. हे मुंबईत तिला सूत्रांतून शिकवलं होतं आणि तिथे ते कोणाला खरंच वाटलं नव्हतं. इथे दोन मुलं त्यावरून एकमेकांच्या अंगावर जायच्या बेतात होती.

"आता सांगा, हे होऊ नये म्हणून काय करायचं?"

निलेश म्हणाला, "एकानेच सगळं करायचं."

"आणि बाकीच्यांनी?"

"बघायचं." मग त्यालाच काहीतरी वाटलं असावं. त्याने बाकीच्यांकडे पाहिलं.

चंदा उठली, बसली, परत उठली. "बाई, बिल्ला ठेवायचा."

"कसला बिल्ला?"

"मायच्या कारखान्यात असतो. पितळेचा. खिळ्याला टांगलेला राहतो. ज्याच्या हातात बिल्ला, तोच जाणार. तो येऊन परत टांगेपर्यंत दुसऱ्याने उठायचं नाही."

"कुठे जाणार?" निलेशने विचारलं.

चंदा खाली बघू लागली. तिच्या शेजारच्या मुलीने हळूच सांगितलं, "संडासला."

मग जे हसू फुटलं ते थांबेना. प्रमिलाने डस्टर टेबलावर आपटला नाही. ती फक्त म्हणाली, "अख्ख्या वर्गात उत्तर हिलाच आलं." आवाज इतका खाली गेला होता की मागच्या बाकांनी ऐकायला पुढे वाकावं लागलं, आणि वाकता वाकता मुलं हसायची थांबली.

खडोलीच्या थोड्या चिठ्ठ्या अर्धवट होत्या. त्या पुऱ्या करायला रविवारी प्रमिला चंदाबरोबर चाळीत गेली. चंदाची आई बायडाबाई दारात बसून तांदूळ निवडत होती. आतल्या खोलीत चंदाची धाकटी बहीण कुसुम लहान भावाला मांडीवर घेऊन झुलवत होती. नऊ वर्षांची मुलगी, शाळा नाही. तिची चिठ्ठी चंदानेच लिहिली होती.

"या बाई, बसा. तुमच्या बिल्ल्याचं चंदा सांगू राहिली होती," बायडाबाई म्हणाली. "शाळेत बी आला म्हने आता. तुम्हाले तरी कोनी देतं का हो, का सरांकडून मागून घ्या लागते?"

"मला नाही लागत."

"नशीब." बायडाबाईने सूप बाजूला ठेवलं, आत गेली आणि फळीवरच्या डब्यातून एक पितळी चकती घेऊन आली. वर भोक, मधोमध गुजरातीत कोरलेलं कारखान्यातल्या खात्याचं नाव. "हा घ्या. न्या. माह्या काय कामाचा?"

"हा तुमच्याकडे कसा?"

"काय सांगू बाई तुम्हाले. एक दिवस पाळी सुटताना मी जाऊन आली. बिल्ला कंबरेला खोसेल, ध्यानातच राह्यला नाही. घरी येऊन भाकरी थापाले बसली तं टनकन खाली पडला. तिकडे पुढच्या पाळीच्या बाया बसल्या ना! सुपरवायझरला म्हने, भाऊ, जाऊ द्या. तो म्हने, बिल्ला दाखवा. बिल्लाच नाही तं दाखवतील काय? पाळी सुटेपर्यंत एकीला उठू दिलं नाही. त्यातली एक पोटुशी होती, बाई."

"मग?"

"मंग काय? दुसऱ्या दिवशी मी परत न्याले गेली तं त्यांनी नवा घडवून टांगला बी होता. मले घरी बसवलं आठवडाभर. माह्यामुळे काम अडलं म्हने. बायांचं अडलं त्याचं कोनी नाही बोललं." ती खिन्न हसली. "तीन संडास आहेत तिथं. अन् बिल्ला एक."

प्रमिलाने चकती हातात घेतली. ती जड होती, आणि पुष्कळ हातांनी गुळगुळीत झालेली. परत जाताना चंदा सायलीच्या फाट्यापर्यंत सोबत आली, पण तेवढ्या वाटेत प्रमिला तिच्याशी एक शब्द बोलली नाही. चंदाला वाटलं, बाई आपल्यावर रागावल्या.

वर्गात बिल्ला फळ्याशेजारच्या खिळ्यावर टांगला गेला. नियम ठरला. ज्याच्या हातात बिल्ला त्यानेच फळा बघायचा, मिळवायचं, लिहायचं आणि मगच बिल्ला परत टांगायचा. बेरीज बरोबर येऊ लागली. एकदा निलेश बिल्ला खिशात टाकून पाणी प्यायला गेला आणि सगळा वर्ग हात बांधून बसून राहिला. तो परत आला तेव्हा चंदा म्हणाली, "पाळी सुटली आता. घरी जा." ह्या वेळी हसू निलेशवर होतं, आणि त्यानेही ते मुकाट घेतलं. पुढे मुलांनीच आणखी एक सुधारणा काढली. एकेका चिठ्ठीसाठी बिल्ला घ्यायचाच कशाला? आपल्या गटाची बेरीज आधी जागेवर पुरी करायची आणि फळ्याशी एकदाच जायचं. म्हणजे कोणी फार वेळ ताटकळत नाही. पुस्तकात जे कुठेही नव्हतं ते अकरावीचा वर्ग आपसात भांडून शिकत होता.

जानेवारीत बातमी आली की शिक्षण खात्याचे मोठे साहेब संगणकाची खोली बघायला येणार आहेत. त्या दिवशी चाळींच्या पाहणीचा आकडाही ते घेऊन जाणार होते. मुळे सरांनी आच्छादनं धुवायला काढली.

"निलेश खुर्चीत बसेल," ते म्हणाले. "बाकीच्या दोन यंत्रांवर 'सुस्वागतम्' असं येऊ द्या. करता येईल ना तेवढं?"

"करता येईल. पण साहेबांनी विचारलं की तीन यंत्रं कशाला दिली, तर काय सांगायचं, सर?"

साहेब नेमका हाच प्रश्न विचारतील अशी मुळे सरांना भीती वाटली. म्हणून ते तयार झाले. तिन्ही यंत्रं चालणार. एकावर सिल्वासाच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यावर सायलीच्या, तिसऱ्यावर खडोलीच्या. प्रत्येक यंत्र आपली बेरीज करणार आणि सगळ्यांची बेरीज फळ्यावर. खडूची पूड यंत्रात जाते म्हणून फळा आणि शेजारी बिल्ल्याचा खिळा मात्र बाहेर, व्हरांड्यात. खडोलीच्या यंत्रावर प्रमिलाने चंदाचं नाव लिहिलं. मुळे सरांनी ते वाचलं, चष्मा काढला, परत घातला.

"ही? साहेबांपुढे?"

"खडोली तिला माहीत आहे."

"हात धुवून बसायला सांगा."

प्रमिलाने ते चंदाला सांगितलं नाही.

साहेब आले. गुलाबाचा गुच्छ झाला, काजूची बशी झाली. एसीमुळे साहेबांनी कोटाची बटणं लावली. मुळे सरांनी प्रमिलाला साहेबांजवळ थांबून सगळं समजावून सांगायची आज्ञा केली आणि स्वतः व्हरांड्यात उभे राहिले. आत मुलं भराभर आकडे घालत होती. तीन पडदे एकदम हलत होते. ते पाहून प्रमिलाला जो आनंद झाला तो तिने चेहऱ्यावर दिसू दिला नाही.

सिल्वासाचा गट आधी संपला. त्यांची मुलगी बाहेर जाऊन फळ्यावर चाळीस लिहून आली. मग सायलीचा निलेश आणि खडोलीची चंदा जवळजवळ एकदमच उठली. दोघं दाराबाहेर गेली, आणि लगेच एकत्रच परत येऊन आपापल्या यंत्रावर बसली. प्रमिलाला ते खटकलं. एकत्र कशी? पण साहेब विचारत होते, "ये मशीन गुजराती में भी लिखता है क्या?" आणि ती उत्तर देईपर्यंत दोघं पुन्हा बाहेर गेली होती, आधी चंदा, मागून निलेश.

"झालं, साहेब!" मुळे सर दारातून म्हणाले. "या, बाहेर या. पाहा, संपूर्ण बेरीज. पासष्ट!"

सगळे व्हरांड्यात आले. फळ्यावर निलेशच्या सुबक अक्षरात पासष्ट होते. साहेबांनी पेन काढलं.

"सर, ते चूक आहे," चंदा म्हणाली. दोनदा उठायला आणि बसायला इथे बाक नव्हता. "मी शंभर लिहिलं होतं. पासष्ट त्याच्यानंतर आले. बेरीज केल्यावर कमी कशी होईल?"

मुळे सर साहेबांकडे बघून हसले. "मुलगी नवखी आहे, साहेब. हिने चुकीचं लिहिलं, ह्या मुलाने दुरुस्त केलं. म्हणून तर दोघं ठेवतो." मग चंदाकडे वळून खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, "सोमवारपासून तू टायपिंगच्या वर्गाला जायचंस. संगणक तुमच्यासारख्यांचं काम नाही. उगाच यंत्रं नासतात."

चंदाने प्रमिलाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. अपेक्षा होती, आणि ती पाण्यापेक्षा वाईट होती.

साहेबांच्या पेनाचं टोक कागदावर टेकत होतं. पासष्ट. खडोलीची साठ मुलं फळ्यावरून पुसली गेली होती आणि आता कागदावरूनही जाणार होती. कुसुम त्यांत होती. आणि ज्या मुलीने त्यांना दारोदार जाऊन मोजलं तिलाच ह्या खोलीबाहेर काढत होते. निलेशचं अक्षर सुबक म्हणून त्याचं बरोबर, चंदा चाळीतली म्हणून तिचं चूक. गणित तपासायचीही गरज कोणाला वाटली नव्हती.

तिने फळ्याशेजारच्या खिळ्याकडे पाहिलं. खिळा रिकामा होता.

"बिल्ला कुठे आहे?"

ती इतकी हळू बोलली की साहेबसुद्धा लिहायचे थांबले.

निलेशने एकदा सरांकडे पाहिलं, एकदा चंदाकडे. त्याचे कान लाल झाले. "सरांनी सकाळी काढून घेतला, बाई. मला विचारलं हे काय आहे. मी सांगितलं. मग त्यांनी खिशात टाकला. आणि आता आम्ही एकेक जाणार होतो, तर सर म्हणाले, चला चला, दोघं एकदम जा, साहेब ताटकळलेत." तो फळ्याकडे वळला. "चंदाचं बरोबर होतं. मी पुसलं तेव्हा शंभरच होते."

"निलेश, तू आत जा," मुळे सर म्हणाले.

"थांब, निलेश," प्रमिला म्हणाली. "सर, बिल्ला द्या."

"साळवीबाई, हे आपण नंतर बघू. साहेबांना उशीर होतोय."

"सर, तुमच्या खिशातला बिल्ला द्या."

"अहो, संडासचा बिल्ला तो! साहेबांपुढे टांगायची वस्तू आहे का?" हे त्यांना हळू म्हणायचं होतं, पण ते तसं म्हटलं गेलं नाही.

"क्या है, भाई?" साहेबांनी विचारलं. "दिखाओ तो."

मुळे सरांनी रुमालासकट बिल्ला बाहेर काढला. साहेबांनी चकती उलटीपालटी केली, कोरलेलं खात्याचं नाव वाचलं. "फॅक्टरीचा आहे हा?"

"आमच्या मायच्या," चंदा म्हणाली. "संडासला जायचा बिल्ला आहे, साहेब. अख्ख्या खात्याला एकच."

अकरावीच्या वर्गातलं कोणीही हसलं नाही.

प्रमिलाने ओल्या फडक्याने पासष्ट पुसून टाकले. "साहेब, सिल्वासाच्या चाळिसांवरून परत करू. दोघांनी एकदम चाळीस पाहिले, म्हणून दोघांनी चाळिसांतच मिळवलं, आणि ज्याने मागून लिहिलं त्याने आधीच्याचं पुसलं. कोणाचंही गणित चुकलेलं नाही. चुकलं ते खिळ्यावरून बिल्ला काढणाऱ्याचं." तिने फळ्यावर चाळीस लिहिले आणि बिल्ला जागेवर टांगला. "चला."

चंदाने बिल्ला घेतला. आकडा पाहिला, आत गेली, यंत्रात घातला, येऊन शंभर लिहिले, बिल्ला टांगला. मग निलेशने घेतला. त्याने शंभर पाहिले, आत गेला, बाहेर आला आणि त्याच सुबक अक्षरात एकशे पंचवीस लिहिले. बिल्ला टांगताना तो खिळ्यावर थोडा हलला आणि थांबला.

साहेबांनी एकशे पंचवीस लिहून घेतले. "अच्छा है," ते म्हणाले. मग गाडीकडे जाता जाता थबकून त्यांनी विचारलं, "किती बायका असतील त्या खात्यात?" चंदाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर मुळे सरांनी चहाचा आग्रह केला आणि साहेब चहाकडे वळले.

ते गेल्यावर मुळे सरांनी प्रमिलाला कार्यालयात बोलावलं.

"तुम्ही माझा अपमान केलात. मुलांसमोर."

"चंदाचाही मुलांसमोरच झाला, सर." आवाज अजून खालीच होता. मुळे सरांना तो आता नम्र वाटत नव्हता. "तिचं नाव संगणकाच्या वर्गातून कमी करणार असाल, तर कारण लिहून द्या. मी ते साहेबांकडे पाठवते. पासष्ट का आले होते तेही त्यात लिहीन."

मुळे सर टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघू लागले. "राहू दे नाव," ते म्हणाले. "आणि ती आच्छादनं परत घाला यंत्रांवर. धूळ बसते."

"किल्ली द्या. मी घालते."

त्यांनी किल्ली दिली. प्रमिलाने आच्छादनं घातली नाहीत. घडी करून कपाटाच्या तळाशी ठेवली, आणि किल्ली आपल्या पर्समध्ये.

सोमवारी अकरावीचा वर्ग चपला व्हरांड्यात काढून आत आला आणि तिन्ही यंत्रांसमोर बसला. चंदा खडोलीच्याच यंत्रावर होती. तास अर्धा झाल्यावर तिने हात वर केला.

"बाई, आपला फळा एक, म्हणून बिल्ला एक. बरोबर?"

"बरोबर."

"फळे तीन असते तर?"

"तीन बिल्ले चालले असते. तिघं एकदम लिहू शकले असते. एकालाच पाठवायची काही गरज पडली नसती."

चंदाने तिन्ही यंत्रांवरून नजर फिरवली. "मायच्या तिथं संडास तीन आहेत."

निलेशने टाइप करणं थांबवलं. प्रमिलाला तो प्रश्न खडोलीहून परत येतानाच पडला होता. सायलीच्या फाट्यापर्यंत ती त्याच्यामुळेच गप्प होती. आता तो दुसऱ्या कोणीतरी मोठ्याने विचारला होता.

"मग तिथला बिल्ला कशासाठी आहे?" तिने विचारलं.

"आधी मला वाटायचं, गर्दी होऊ नये म्हणून." चंदाने मान हलवली. "तसं नाही. कोणी उठूच नये म्हणून आहे."

मुळे सर फेरी मारत दाराशी आले होते. त्यांनी खिळ्यावरच्या बिल्ल्याकडे पाहिलं, मग चंदाकडे. काही बोलावं असा त्यांचा विचार दिसला. प्रमिला त्यांच्याकडे बघत उभी राहिली, आणि ते तसेच पुढे गेले.

"चंदा," ती म्हणाली, "तुझ्या आईला विचार, हे साहेबांना कळवलं तर चालेल का. त्या दिवशी त्यांनी प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय."